गुलाब, तुती आणि स्ट्रॉबेरीवरचा सोंड्या भुंगा: कुंडीबागेत त्याला ओळखायचं कसं, आवरायचं कसं

ठाण्यातल्या टीएमटी बसचे कंडक्टर पूर्वी तिकिटाच्या कडेला टक्‌कन पंच मारायचे, तसे कुणीतरी माझ्या गुलाबाच्या पानांना मारत होतं. जून संपत आला होता, दोन दणदणीत पाऊस होऊन गेले होते, आणि नौपाड्यातल्या आमच्या गच्चीवरच्या बारा कुंड्यांपैकी पाचांतली कोवळी पानं कडेनं कुरतडलेली. मधे भोक नाही, सगळी खाच कडेलाच, एकापुढे एक. मी आधी सुरवंट शोधले, मग गोगलगायी. मग समोरच्या काकूंच्या सांगण्यावरून मिरचीचं पाणी फवारलं. ते रात्रीच्या पावसानं वाहून खाली एका स्कूटरच्या सीटवर उतरलं आणि सोसायटीत दोन दिवस पुरेल एवढं भांडण झालं.

गुन्हेगार या सगळ्या काळात पानावरच बसून होता, भर दिवसा. साधारण तांदळाच्या दाण्याएवढा, राखेत लोळून आल्यासारखा करडा, आणि बोट जवळ नेलं की टपकन खाली पडून मेल्याचं सोंग घेणारा. पडला की मातीच्या रंगात असा मिसळतो की चष्मा लावूनही सापडू नये.

हा राखाडी सोंड्या भुंगा, शास्त्रीय घराणं मायलोसेरस. वांग्याच्या शेतकऱ्याला तो चांगलाच ठाऊक असतो. आपण गॅलरीतले माळी त्याला ‘कसलातरी किडा’ म्हणून सोडून देतो. पुढे जे लिहिलंय ते तीन पावसाळे त्याच्याशी झुंजून जमवलेलं आहे. त्यातली जी गोष्ट समजायला मला दोन वर्षं लागली ती आधीच सांगून टाकते: पानावर दिसतो तो निम्माच भुंगा. उरलेला निम्मा कुंडीच्या मातीत, मुळं खात बसलेला असतो. पानावरच्याला कितीही मारा, मातीतल्याला हात लावला नाही तर पुढच्या जूनमध्ये तो पुन्हा हजर.

सोंडेवाल्यांचं खटलं

सोंडेवाल्या भुंग्यांचं कुटुंब प्रचंड मोठं आहे. जगभरात ५०,०००हून अधिक जाती नोंदल्या गेल्यात. त्यातले काही तुमच्या घरातही येऊन गेलेत. तांदळाच्या डब्यातला टोका हा त्यांच्यापैकीच. नारळाच्या खोडात शिरून झाड आतून पोखरणारा लाल सोंड्या हाही. (गेंड्या भुंगा वेगळा, त्याला सोंड नसून शिंग असतं.) हापूसच्या कोयीत सापडणारा कोयभुंगा तर अमेरिकेला आंबा पाठवण्याच्या आड येत असे. २००७ साली तिथली बाजारपेठ पुन्हा उघडली ती आंब्यावर विकिरण प्रक्रिया करायची या अटीवर, आणि आज तशी सोय आपल्या वाशीतही आहे.

सगळ्यांची खूण एकच, डोकं पुढे ओढून सोंडेसारखं झालेलं आणि त्या सोंडेवर कोपरात वाकलेल्या मिशा. टोक्याची सोंड बारीक, लांब. आपल्या राखाडी भुंग्याची आखूड आणि रुंद, त्यामुळे वरून पाहिलं तर सोंड आहे हे लक्षातच येत नाही. बाजूनं बघा. मोबाइलच्या कॅमेऱ्यात झूम केलं की वाकलेल्या मिशा दिसतात, आणि त्या दिसल्या की शंका उरत नाही.

इथे एक धोक्याचा कंदील. गुलाबावरच्या आणि बेरीवर्गातल्या झाडांवरच्या सोंड्यांबद्दल व्हिडिओ शोधाल तर बहुतेक परदेशातले सापडतील, आणि ते वेगळ्याच भुंग्यांबद्दल बोलत असतात. युरोपात स्ट्रॉबेरी, रासबेरी आणि गुलाबाच्या कळीत अंडं घालून त्या कळीचा देठच कुरतडून ठेवणारा एक काळा छोटा सोंड्या आहे. तो २०१९ मध्ये कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात सापडला आणि तिथल्या बेरी बागायतदारांची झोप उडाली. उत्तर अमेरिकेत लाल अंगाचा, काळ्या सोंडेचा एक आहे, तो गुलाबाच्या कळीला सोंडेनं भोकं पाडतो. आणि कुंड्यांमधला तिकडचा सगळ्यात बदनाम भुंगा काळा, पंख असून नसल्यासारखा. त्याच्यात सगळ्या माद्याच असतात, नराशिवाय अंडी घालतात आणि उडता मुळीच येत नाही. म्हणून तिकडचे लोक कुंडीला चिकट पट्टी गुंडाळा म्हणतात. मीही गुंडाळली होती. त्यावर डास, दोन मुंग्या आणि वडाची एक वाळकी काडी चिकटली. आपल्या राखाडी सोंड्याला पंख आहेत. पट्टीचे पैसे वाचवा.

आपल्या या भुंग्यानंही परदेशवारी केली आहे, बरं का. २००० साली तो अमेरिकेच्या फ्लोरिडात सापडला आणि तिथे दीडशेहून अधिक प्रकारची झाडं खात सुटला. त्याला खाण्याचं वावडं नाही. गुलाब, जास्वंद, भेंडी, वांगं, तुती, बोर, सगळं चालतं. तुमच्या गुलाबाला त्रास आहे आणि शेजारच्या गॅलरीत जास्वंद आहे, तर दोघांनी मिळून काम करायला लागेल.

आधी खात्री करा

कुरतडलेलं पान दिसलं म्हणजे सोंड्याच असं नाही. मी एकदा चुकून पानं कापणाऱ्या माशीवर रागावले होते. ती बिचारी गुलाबाच्या पानातून नखाएवढा गोल तुकडा इतका सुबक कापते की शिंप्यानं कात्री चालवल्यासारखं वाटतं. त्या तुकड्यांनी ती आपलं घरटं बांधते. परागीकरणाच्या कामाची माशी, झाडाचं काही बिघडत नाही, तिला सोडून द्या. सोंड्याची खाच लहान, ओबडधोबड, पानाच्या कडेनं आत आलेली, आणि हल्ला वाढला की पानाची मधली शीर तेवढी उरते.

पानाच्या मध्ये मध्ये चाळणीसारखी भोकं असतील आणि दिवसा कोणी दिसत नसेल तर रात्री नऊच्या सुमारास टॉर्च घेऊन जा. पहिल्या पावसानंतर बाहेर येणारे तपकिरी भुंगेरे, म्हणजे हुमणीच्या (मातीत मुळं खाणाऱ्या मोठ्या पांढऱ्या अळीच्या) जातीचे, रात्रीच जेवतात. पानावर काळ्या लेंड्या असतील तर अळी शोधा. चकाकणारा वाळका पट्टा दिसला तर गोगलगाय. नवी मुंबईत आणि ठाण्यात पावसाळ्यात ती आफ्रिकन मोठी गोगलगाय तिसऱ्या मजल्यापर्यंत चढलेली मी पाहिली आहे. कळीला एकच मोठं भोक आणि बाहेर भुसा असेल तर कळी पोखरणारी अळी. पाकळ्यांच्या कडा करपल्यासारख्या तपकिरी असतील तर फुलकिडे, आणि त्यांचा हा लेख नव्हे.

सोंड्याची खात्री करायची सगळ्यात चांगली वस्तू पावसाळ्यात घरात असतेच: छत्री. सकाळी साडेसहा-सातला, ऊन चढायच्या आधी, छत्री उघडून उलटी करून झाडाखाली धरा आणि फांदी हातानं दोन-तीनदा हिसका देऊन हलवा. सकाळच्या गारव्यात भुंगे सुस्त असतात आणि त्यांची पडून मेल्याचं सोंग घ्यायची सवय इथे आपल्या कामी येते. छत्री काळी असेल तर आत जुना पांढरा पंचा पसरा, करडा भुंगा त्यावर उठून दिसतो. किती पडले ते मोजा आणि कालनिर्णयच्या त्या दिवसाच्या चौकटीत लिहून ठेवा. हे हिशेबाचं काम कंटाळवाणं वाटतं, पण औषध लागू पडतंय की नाही हे आकडाच सांगतो. नुसत्या डोळ्यांनी आपण नेहमी आपल्याला हवं तेच बघतो.

एका झाडावर दोन-तीन निघाले तर घाबरायचं कारण नाही, गुलाब तेवढं सोसतो. आठ-दहा निघत असतील, किंवा रोप नुकतंच लावलेलं असेल, तर पुढचं काम आजच सुरू करा.

पावसाळ्याचं काम: साबणाचा मग

जून ते सप्टेंबर या काळात एकच उपाय खात्रीचा, आणि तो फुकट आहे. एका मगात अर्धा लिटर पाणी, त्यात भांड्यांचा द्रवसाबण अर्धा चमचा. मग पानाच्या बरोबर खाली धरा आणि पानाला टिचकी मारा. भुंगा स्वतःहून उडी मारतो. साबणामुळे पाण्याचा पृष्ठताण मोडतो म्हणून तो तरंगत नाही, बुडतो. साध्या पाण्यात टाकलात तर तो पोहत पोहत कडेला येऊन तुमच्याकडे बघत बसेल.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी मग खाली, मगच झाडाला हात. पहिल्यांदा उत्साहात मी फांदी पकडली आणि सगळे मातीत पडले, एकही सापडला नाही. रोज सकाळी चहा ठेवून गच्चीवर जायचं, उकळी येईपर्यंत बारा कुंड्या होतात. पहिल्या वर्षी पहिल्याच आठवड्यात एकशे चाळीसच्या वर भुंगे निघाले होते. तिसऱ्या आठवड्यात दिवसाला चार-पाच. गणपतीच्या सुमारास जास्वंदीवर जरा वाढतात, तेव्हा पुन्हा आठवडाभर रोज.

रोज करणं का गरजेचं, तर मादी एकदाच अंडी घालून मोकळी होत नाही. आठवडेच्या आठवडे घालत राहते, आणि ती सगळी मातीत. तीन ते पाच दिवसांत अंडं फुटतं, अळी खाली मुळांकडे जाते आणि तिथे महिना-दोन महिने मुळं खाते, मग मातीतच कोष करते, आठवडाभरात नवा भुंगा वर. म्हणजे आज बुडवलेली एक मादी ही ऑक्टोबरमधली अख्खी वसाहत टाळलेली असते.

फवारणीबद्दल माझं मत कडक आहे. ठाण्याच्या जुलैमध्ये काहीही फवारणं म्हणजे पैसे गटारात सोडणं. निंबोळी अर्क असो की आणखी काही, पानावर वाळायला तीन-चार तास लागतात आणि आपल्याकडे जुलैत तेवढी उघडीप मिळाली तर लोक कपडे वाळत घालतात. उघडीप मिळालीच, चांगली दोन दिवसांची, तर ५ टक्के निंबोळी अर्क मारायला हरकत नाही. ५० ग्रॅम निंबोळीची भरड फडक्यात बांधून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी पिळून गाळायचं, त्यात साबणाचे दोन-चार थेंब, आणि संध्याकाळी पानाच्या दोन्ही बाजूंना फवारायचं. उन्हात नको, पानं भाजतात आणि कडुनिंबातलं कामाचं द्रव्यही उन्हानं लवकर निकामी होतं. आधी दोन पानांवर मारून एक दिवस थांबा. यानं भुंगा तडकाफडकी मरत नाही. पान त्याला बेचव होतं, तो खायचं कमी करतो. दुसऱ्या दिवशी भुंगे जिवंत बघून ‘काही उपयोग नाही’ म्हणू नका, कॅलेंडरवरचा आकडा आठवड्यानं बघा.

ऑक्टोबरची कुंडी

आता खरं काम. दसऱ्याच्या सुमारास पाऊस ओसरतो, ऊन तापतं आणि आपल्याकडे गुलाबाच्या छाटणीचा मोसम सुरू होतो. जुने माळी या वेळी एक गोष्ट करायचे: छाटणीआधी आठवडाभर पाणी तोडायचं, बुंध्याभोवतीची वरची माती काढायची आणि मुळांना थोडे दिवस हवा लागू द्यायची. झाडाला विश्रांती मिळावी म्हणून. माझ्या सासरी नाशिककडे एक म्हातारे माळीकाका हे करताना नुसतं माती काढून थांबायचे नाहीत, ती चाळून बघायचे. कशासाठी ते मला वीस वर्षांनी माझ्याच गच्चीवर कळलं.

कुंडी रिकामी करायची ती सरसकट नाही. आधी संशयितांपासून. खूण अशी: माती ओली असून रोप दुपारी मान टाकतं, नवी फूट बारीक आणि फिकट येते, आणि बुंध्याला धरून हलकं हलवलं तर रोप सैल दात हलावा तसं हलतं. असं रोप दिसलं की जुनं वर्तमानपत्र किंवा प्लॅस्टिकचा कागद पसरा आणि कुंडी आडवी करून, कडेनं खुरपी फिरवून, मातीचा गड्डा सबंध बाहेर काढा. बाहेरची दोन-तीन इंच माती बोटांनी सोडवत जा. मुळांना चिकटलेला आतला गोळा फोडू नका, त्याला बादलीतल्या पाण्यात हळूच बुडवून हलवा, उरलेल्या अळ्या सुटून येतात.

अळी सापडली की तिचे पाय मोजा. ही पायरी लोक गाळतात आणि पुढे सगळंच चुकतं. पांढुरकी, आकड्यासारखी वाकलेली, तपकिरी डोक्याची आणि पाय अजिबात नसलेली असेल तर ती सोंड्याची. तशीच वाकलेली पण छातीशी सहा ठसठशीत पाय असतील तर ती हुमणी, आकारानंही बरीच मोठी होते. शेणखत नीट कुजलेलं नसेल तर हुमणी त्यातूनही येते. तेव्हा सोंड्याच्या अळ्या निघाल्या तर दोष भुंग्यांचा, हुमणी निघाली तर खताच्या पोत्याचीही चौकशी करा. माझ्या एका बारा इंची कुंडीत ३१ बिनपायाच्या अळ्या निघाल्या. त्या गुलाबाला मी वर्षभर खत कमी पडतंय म्हणून खत घालत होते.

काढलेली माती फेकू नका, ठाण्यात चांगली माती मिळवायची म्हणजे काय कष्ट आहेत हे गच्चीवर पोती चढवणाऱ्यालाच माहीत. ती गच्चीत पातळ पसरा. ऑक्टोबरचं ऊन आणि साळुंक्या बाकीचं बघून घेतात. दयाळाची एक जोडी तर मी कागद पसरला की कठड्यावर येऊन बसते. तीन-चार दिवस रोज एकदा खाली-वर करा. वेळ असेल आणि काम पुढे ढकलता येत असेल तर मे महिन्यात यापेक्षा पक्का उपाय करता येतो. माती ओलसर करून, पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत तीन-चार इंचाचा चपटा थर भरून, तोंड घट्ट बांधून तापलेल्या गच्चीवर चार आठवडे ठेवायची. काळी पिशवी नको, पारदर्शकच हवी. तिच्यातून ऊन आत जाऊन मातीच तापते. फक्त यात मातीतले चांगले जीवही जातात, म्हणून वापरताना गांडूळखत जरा सढळ हातानं घाला.

कुंडी परत भरताना बारा इंची कुंडीला साधारण ५० ग्रॅम, म्हणजे दोन मुठी, निंबोळी पेंड मातीत मिसळा. वर भुरभुरवू नका, मिसळा. तिचा वास चार दिवस राहतो आणि वरच्या मातीवर कधी पांढरी बुरशी दिसते. ती निरुपद्रवी आहे, खुरपून टाका. यानंतर छाटणी: बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या वर पाव इंच, तिरका काप, वाळकं आणि काळं पडलेलं लाकूड पूर्ण काढून. मुळं खाल्लेल्या झाडाची छाटणी नेहमीपेक्षा हलकी ठेवा आणि त्याला आठ-दहा दिवस सावलीत. खत नाही. खत मागायला मुळं लागतात, आणि तीच या झाडाकडे नाहीत. नवी फूट दोन इंच झाली की मग ऊन, मग खत.

बुरशी आणि सूत्रकृमी

सगळ्याच कुंड्या उकरणं शक्य नसेल, किंवा गुलाब जमिनीत असेल (बेलापूर, नेरुळच्या रो-हाउसवाल्यांनो, तुमचा हेवा वाटतो), तर मातीतल्या अळीवर सोडायला दोन जिवंत औषधं मिळतात.

पहिलं मेटारायझियम, एक बुरशी. १८७९ साली मेचनिकॉफ या शास्त्रज्ञानं गव्हावरच्या भुंगेऱ्यावर तिचा प्रयोग केला होता, म्हणजे ही कल्पना जुनी आहे. शेतीसेवा केंद्रात पावडर किंवा द्रवरूपात मिळते. पावडर असेल तर लिटरला ५ ग्रॅम. बारा इंची कुंडीला लिटरभर द्रावणाची आळवणी, म्हणजे ते मुळांपाशी मातीत ओतायचं, संध्याकाळी, आधीच ओलसर असलेल्या मातीत. उत्पादनाची तारीख बघूनच घ्या, ही मेली असेल तर तुम्ही नुसती पांढरी भुकटी विकत घेताय. दुकानदारानं ती उन्हात काचेच्या शोकेसमध्ये ठेवली असेल तर तारीख चांगली असूनही घेऊ नका. आणि आळवणीच्या आगेमागे पंधरा दिवस बुरशीनाशक कुंडीत घालू नका. गुलाबावरच्या काळ्या ठिपक्यांसाठी आपण सवयीनं ते मारतोच, आणि मग विकत आणलेली बुरशी आपणच मारून टाकतो.

दुसरं, कीटकांना मारणारे सूत्रकृमी. मुळांना गाठी आणणारे सूत्रकृमी वेगळे, हे झाडाच्या वाटेला जात नाहीत. यातली हेटेरोऱ्हॅब्डायटिस इंडिका ही जात भारतातलीच, १९९२ साली कोइमतूरच्या नमुन्यांवरून तिचं वर्णन झालं, त्यामुळे आपली उष्णता तिला मानवते. अळीच्या शरीरात शिरून ती आपल्या पोटातले जिवाणू तिथे सोडते आणि अळी दोन-तीन दिवसांत मरते. वापर पाकिटावर लिहिल्याप्रमाणेच, पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा: सूर्यास्तानंतरच घालायचं, आणि नंतर दोन आठवडे माती वाळू द्यायची नाही. हे ओल्या मातीत पोहत शिकार शोधणारे जीव आहेत.

काम झालं का हे ओळखायची सोपी खूण आहे. दोन-तीन आठवड्यांनी कुंडीची कड उकरून मेलेली अळी शोधा. विटकरी लाल झाली असेल तर सूत्रकृमींनी मारलेली. अंगावर आधी पांढरा मग हिरवा थर चढला असेल तर मेटारायझियमनं. नुसती पांढरी आणि वळवळणारी असेल तर पैसे परत मागायला जा.

स्ट्रॉबेरी आणि तुती

महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिची रोपं ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये घोडबंदर रोडवरच्या नर्सऱ्यांमध्ये दिसू लागली की हात आवरत नाही. ठाण्यात ती चार महिन्यांची पाहुणी असते, मार्चचं ऊन तिला सोसत नाही. त्यामुळे तिच्या बाबतीत धोरण सोपं: जुनी माती मुळीच वापरायची नाही. गुलाबाच्या कुंडीतली तर नाहीच. स्ट्रॉबेरीची मुळं उथळ आणि नाजूक, गुलाब वर्षभर सोसतो ते तिला पंधरा दिवसांत संपवतं. नवं कोकोपीट, गांडूळखत, थोडी भाजलेली किंवा उन्हात तापवलेली माती आणि मूठभर निंबोळी पेंड. एखादं रोप ओल्या मातीत मलूल झालं तर वाट बघू नका, उपटून मुळं बघा. अळ्या निघाल्या तर बाकीच्या रोपांची माती त्याच दिवशी तपासा.

आणि कळी देठापासून तुटून लोंबत असेल तर त्या युरोपातल्या भुंग्याला दोष देण्याआधी कठड्यावर नजर टाका. माझ्याकडे तो उद्योग बुलबुलाचा निघाला.

तुतीला मी काहीच करत नाही. हे आळसानं नाही, विचारानं. तुती इतकी जोमदार असते की भुंग्यांनी चौथा हिस्सा पानं खाल्ली तरी फळावर फरक जाणवत नाही, आणि फळ खायचं असल्यामुळे तिच्यावर काही फवारायची इच्छाही नाही. उलट तिचा मी जाळ्यासारखा उपयोग करते. भुंग्यांना ती आवडते, गच्चीच्या एका टोकाला आहे, सकाळी तिच्याखाली जुनी चादर पसरून खोड जोरात हलवलं की एका झटक्यात वीस-पंचवीस सापडतात. गुलाबावर वेचायचे तेवढे कमी.

रासायनिक औषधांबद्दल थोडंसं

हा प्रश्न येणारच म्हणून. स्ट्रॉबेरी, तुती, गुलकंदासाठी लावलेला देशी गुलाब यांच्यावर रासायनिक काही नको, एवढं तरी पाळा. मुळातून झाडात भिनणारी औषधं कुंडीत घातली की ती फुलातही उतरतात आणि मधमाशीपर्यंत जातात. काही दुकानदार अजूनही ‘जुनं, जालीम’ म्हणून फोरेट किंवा डायक्लोरव्हॉस काउंटरखालून काढतात. या दोन्हींवर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे. झुरळांचा खडू कुंडीभोवती ओढणारेही बघितलेत. त्यानं मुंग्या जातात, पहिल्या सरीला खडू जातो, भुंगा तिथेच.

शेतावर मोठ्या प्रमाणावर गुलाब असेल तर गोष्ट वेगळी; तिथे कृषी विभागाकडून किंवा दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडून शिफारस घ्या आणि बाटलीवरच्या त्रिकोणाचा रंग बघा. लाल सगळ्यात विषारी, मग पिवळा, निळा, आणि हिरवा सगळ्यात सौम्य. २०१७ साली यवतमाळमध्ये फवारणीच्या विषबाधेनं माणसं दगावली, ती उघड्या रानातली होती. आपल्या सहा बाय चारच्या गॅलरीत तर खिडकी उघडली की थेट स्वयंपाकघर.

नवं रोप घरात आणताना

माझ्याकडच्या बारा कुंड्यांत भुंगा कुठून आला याचा माग काढला तर तो एका नर्सरीतून आणलेल्या लाल गुलाबापाशी पोचला. रोप टवटवीत होतं, कळ्या होत्या, पिशवीतली माती घट्ट चिकण. पिशवीत अंडी किंवा अळ्या असतील तर वरून काहीच दिसत नाही.

म्हणून आता मी नर्सरीतच रोपाची खालची पानं उलटून बघते. कडेला खाचा असतील तर कितीही सुंदर फूल असलं तरी नाही. घरी आणलेलं रोप चार आठवडे बाकीच्यांपासून लांब, जिन्याच्या वरच्या पायरीवर राहतं. कुंडीत लावताना पिशवीची माती बाहेरून जेवढी सुटेल तेवढी सोडवून, चाळून बघते, पाय मोजते. मैत्रिणी फांद्या किंवा तुतीच्या काड्या देतात त्यांत धोका नाही, कारण अळ्या मातीत असतात, लाकडात नाही. तेव्हा रोपाची देवाणघेवाण करायची असेल तर मातीसकट कुंडीऐवजी काडी मागा.

यंदा जूनच्या पहिल्या आठवड्यात छत्रीत नऊ भुंगे पडले. समोरच्या काकूंच्या जास्वंदीवर सव्वीस. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या गॅलरीतही सकाळी साबणाचा मग दिसू लागलाय, फक्त त्या त्यात लिंबूही पिळतात. त्याचा काही उपयोग नाही हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.